स्टेनोबाईंचं न्यायपीठ

शकुंतलाबाईंना किलकेनीत येऊन नऊ दिवस झाले आणि दहाव्या दिवशी त्या न्यायाधीश झाल्या. यात त्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं. त्या वेळी त्या वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, दोन नळांपैकी गरम कोणता, याचा शोध घेत होत्या. खाली त्यांचा मुलगा संकेत फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आई ना? आई एकतीस वर्षं बार्शीच्या कोर्टात होती."

यात एक अक्षरही खोटं नाही. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला डब्लिनचे उपेंद्र होते, आणि उपेंद्र म्हणजे अर्धं वाक्य ऐकून अख्खी सिस्टिम उभी करणारा माणूस. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आयर्लंडभर फिरला : 'आपल्या महासंघाच्या न्यायपीठावर बार्शीच्या निवृत्त न्यायाधीश माननीय शकुंतलाताई यांची एकमताने नियुक्ती.' त्याखाली एकशे अकरा नमस्कार आणि कुणीतरी चुकून टाकलेला वाढदिवसाचा केक.

शकुंतलाबाई कोर्टात होत्या. पण खुर्चीत नव्हत्या. खुर्चीच्या डाव्या हाताला, तीन फूट खाली, आधी टाइपरायटरपाशी आणि पुढे कॉम्प्युटरपाशी. लघुलेखक. बार्शीच्या भाषेत स्टेनोबाई. न्यायाधीश यायचे, तीन वर्षांनी बदलून जायचे, बाई जागच्या जागी. असे अकरा साहेब त्यांनी पाहिले. साहेबांनी घसा कसा खाकरला त्यावरून दावा फेटाळला जाणार की मंजूर होणार, हे त्यांना वकिलांच्या आधी कळायचं. निकालाच्या शेवटी मधोमध साहेबांचं नाव त्या टाइप करायच्या, आणि अगदी खाली डाव्या कोपऱ्यात बारीक दोन अक्षरं स्वतःची. ती दोन अक्षरं आजवर कुणी वाचली असतील तर वाळवीनं.

"अरे, मी स्टेनो होते! काय लिहिलंय हे?" त्या संकेतवर डाफरल्या.

"राहू दे गं आई. चार वर्षांत त्या पीठासमोर एक केस आलेली नाही. तुझा व्हिसा तीन महिन्यांचा. तेवढ्यात कोण भांडतंय?"

"उद्या सांगून टाक त्यांना."

"सांगतो."

पण सकाळी असं झालं, की त्या कोथिंबीर आणायला भारतीय दुकानात गेल्या. पुढे स्वरांगी नावाची एक मुलगी उभी होती, ती चटकन बाजूला झाली. "न्यायाधीशकाकू, तुम्ही घ्या आधी." दुकानदारानं कोथिंबिरीची जुडी बदलून ताजी दिली. शकुंतलाबाईंनी तोंड उघडलं, मग कोथिंबिरीकडे बघितलं आणि मिटलं. घरी आल्यावर संकेतला 'सांगितलंस का' असं विचारायचं त्यांच्या ध्यानातून गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. तसं त्यांचं स्मरण चांगलं आहे.

आता हा महासंघ काय प्रकार आहे ते सांगायला हवं. डब्लिन, किलकेनी, ट्रली आणि कॉर्क अशी चार मराठी मंडळं, मिळून दोनशे चौदा कुटुंबं. ती एकत्र आली तेव्हा घटना लिहायचं काम उपेंद्रांकडे गेलं. ते एका अमेरिकन कंपनीत. तिथं त्यांना अमेरिकेत राज्यांची कोर्टं निराळी आणि संघराज्याची निराळी, कुठला तंटा कुठं न्यायचा, यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं होतं. माणूस भारावून गेला. त्यामुळे गणपती, दिवाळी आणि एक सहल एवढाच संसार असलेल्या महासंघाला तीन मजली न्यायव्यवस्था मिळाली. आपापल्या घरात प्रत्येक मंडळ सार्वभौम : सभासद कोणाला करायचं, आरत्या किती म्हणायच्या, भात मोकळा की गिचका, सगळं त्यांचं ते ठरवणार. दोन मंडळांत वाजलं किंवा महासंघाच्या नियमावर बोट आलं, तरच महासंघाच्या न्यायपीठानं तोंड घालायचं. आणि त्याच्याही वर डब्लिनमधल्या ब्युमॉन्टला तिघांचं सर्वोच्च पीठ. ब्युमॉन्टला अशासाठी, की तिघंही तिथल्या हॉस्पिटलच्या आसपास राहतात आणि पार्किंग मिळतं.

शकुंतलाबाईंनी ती घटना दोन रात्रींत वाचून काढली आणि पेन्सिलीनं तीन ठिकाणी स्वल्पविराम सुधारले. सुनेनं, सुचित्रानं, विचारलं, "आई, वर अपील म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून का?"

"छे गं. साक्षीपुरावा खालीच. वर फक्त एवढंच बघतात, की खालच्यानं कायदा नीट लावला का. भांडण वर जायला लागलं की त्यातली माणसं गळून पडतात. नुसता प्रश्न वर जातो."

सवय म्हणून त्या किलकेनीचं कोर्टही बघून आल्या. पार्लमेंट स्ट्रीटवर भक्कम दगडी खांबांची इमारत, आत कुणीही जाऊन मागं बसावं. एक बाई साहेब, एकटीच निकाल देणारी. समोर खटले कुणाच्या तरी गाडीचे, कुणाच्या तरी कुत्र्याचे. मोठ्या खटल्याला वरच्या कोर्टात बारा साधी माणसं बसवतात हे कळल्यावर त्यांना गंमत वाटली. पण परत आल्या त्या घुश्शात. "बोललेलं सगळं मशीन टिपतंय! एक माणूस लिहून घेत नाही! अन् मशीनला काय कळतं, वकील खोकला की खोटं बोलला?"

मग सप्टेंबर आला, आणि चार वर्षं न आलेली केस आली.

महासंघाच्या एकांकिका स्पर्धेत दक्षिण विभागातून किलकेनी विरुद्ध ट्रली असा सामना होता. जिंकेल ते अठरा ऑक्टोबरला डब्लिनच्या अंतिम फेरीत. किलकेनीची एकांकिका सुचित्रानं लिहिलेली, बसवलेली. त्यात घरमालकाचं काम केलं होतं डोनल फेलन यांनी. हे शेजारचे, शाळेच्या बसवरून निवृत्त झालेले, सत्तरीचे, आणि चर्चच्या पॅरिश हॉलच्या किल्ल्या ज्यांच्या खिशात असतात ते. गणपतीला हॉल उघडून देता देता ते आरतीला उभे राहू लागले होते. सुचित्रानं त्यांच्याकडून मराठीतली अकरा वाक्यं पाठ करून घेतली. त्यातलं "अहो, आवाज कमी करा, वरती म्हातारी झोपलीय!" हे त्यांनी अशा काही ठसक्यात टाकलं, की हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. किलकेनी जिंकली.

चार दिवसांनी ट्रलीच्या शैलेंद्रची तक्रार आली. शैलेंद्र ट्रलीला एका फर्ममध्ये सॉफ्टवेअर करतो आणि ट्रलीच्या एकांकिकेत तो स्वतः नायक होता. नियम सात : 'कलाकार हा घटक मंडळाचा सभासद असावा.' डोनल सभासद नाही, सबब किलकेनी बाद.

किलकेनीच्या कमिटीनं रविवारी बैठक घेतली, हात वर केले आणि ठराव केला की डोनल सभासद आहेत. शैलेंद्र महासंघाच्या न्यायपीठाकडे गेला. म्हणजे शकुंतलाबाईंकडे. म्हणजे किलकेनीच्या एकांकिकेच्या लेखिका-दिग्दर्शिकेच्या सासूबाईंकडे, ज्या मुळात न्यायाधीश नव्हत्या.

"आई, आता काय?" संकेतचा चेहरा उतरला.

दोन महिने लोक शकुंतलाबाईंना न्यायाधीशकाकू म्हणत होते. नातीच्या, ईशाच्या, मैत्रिणीची आईसुद्धा लवून बोलायची. पण एकतीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट निदान दोनशेदा टाइप केली होती : ज्याला अधिकारच नाही त्यानं दिलेला हुकूम मुळातूनच रद्द, मग तो कितीही शहाणपणाचा असो. गप्प बसून निकाल द्यावा, तर तो उद्या कुणी सहज उडवून लावील. सांगून टाकावं, तर कोथिंबिरीपासून सगळं गेलं.

सुनावणी अठ्ठावीस सप्टेंबरला, रविवारी दुपारी तीनला, पॅरिश हॉलमध्ये ठरली. सगळे जमले आणि बाहेरच थांबले, कारण किल्ल्या डोनलकडे, आणि डोनल मॅच बघत होते. ते आले, खटल्याच्या मुख्य मुद्द्यानं स्वतःच दार उघडलं, "सॉरी नाऊ, सॉरी," म्हणत हीटर लावला, आणि न्यायपीठ बसलं.

उपेंद्र डब्लिनहून आले होते. ते उभे राहिले. "बार्शीच्या निवृत्त न्यायाधीश..."

"थांबा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "कामकाज सुरू व्हायच्या आधी दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत. एक. मी न्यायाधीश नव्हते. मी स्टेनो होते."

उपेंद्र हातातला कागद उलटा करून बघू लागले.

"हे मी दोन महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बरं वाटत होतं म्हणून नाही सांगितलं." त्यांनी पदर सारखा केला. "दोन. समोर जी बाजू आहे ती माझी सून आहे. जिथं आपलं माणूस असतं तिथं न्यायाला बसू नये. तेव्हा दोघांपैकी एकाचीही हरकत असेल तर मी उठते."

उपेंद्रांचा चेहरा सर्व्हर बसल्यासारखा झाला. "मग... दुसरं कोण बसेल?"

शोध सुरू झाला. विशाल नाटकात पोस्टमन होता. स्वरांगीनं पडदे शिवले होते. रविंद्र डब्लिनचे, पण त्यांची बहीण ट्रलीच्या नाटकात नायिका. अनिमेष निष्पक्षपाती होता, पण तो म्हणाला की मी झोपलो होतो, दोन्ही नाटकांत. खुद्द उपेंद्रांनी नियम लिहिलेले. उरले डोनल.

"असं झालं की एक तोडगा असतो," शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या. "सगळ्यांचेच हात गुंतलेले असले, तर कुणीतरी एकानं बसावंच लागतं. नाहीतर न्यायच व्हायचा नाही. फक्त ते उघड सांगून बसायचं."

शैलेंद्र उठला. सगळ्यांना वाटलं आता हा धुरळा उडवणार.

"काकू, निकाल किती टाइप केलेत तुम्ही?"

"मोजले नाहीत रे. कपाटं भरली होती."

"आमच्यातल्या एकानंही एक निकाल वाचलेला नाही. तुम्हीच बसा. आणि दुसऱ्या मुद्द्याचं म्हणाल," त्यानं सुचित्राकडे बघितलं, "सुनेच्या विरुद्ध निकाल द्यायला सासू कचरेल, अशी भीती मला तरी वाटत नाही."

हॉल फुटला. सुचित्रासुद्धा हसली, मग हसू नये हे आठवून थांबली. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. आणि शकुंतलाबाई बसल्या; या खेपेला कुणापासून काही न लपवता.

"तक्रारदार बोला. तुम्ही आरोप केलाय, सिद्ध तुम्ही करायचं. आणि प्रतिवादी, तुमची पाळी आली की तुम्ही."

"आई, पण..."

"इथं आई कुणी नाही. पाळी आली की."

शैलेंद्र म्हणाला की डोनल सभासद नाहीत, हे ट्रलीत सगळ्यांना माहीत आहे. "ऐकीव नको," पीठानं कापलं. "तुम्हाला स्वतःला काय माहीत?" स्वतःला त्याला फारसं माहीत नव्हतं. सुचित्रानं ठराव पुढे केला : सभासद कोण हे ठरवणं हा मंडळाचा घरचा अधिकार, महासंघानं त्यात पडू नये. पीठानं मान हलवली. सुचित्राला बळ आलं. "शिवाय नियम अकरा. हरकत निकाल लागायच्या आधी घ्यायची. यांनी पत्रिकेवर डोनलचं नाव वाचलं, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, फोटोसुद्धा काढला! हरल्यावर आठवला होय नियम?"

"साक्षीदार," शकुंतलाबाई म्हणाल्या. डोनल टोपी हातात घेऊन पुढे आले. ईशा दुभाषी झाली, कारण आजीचं इंग्रजी किलकेनीच्या इंग्रजीपुढं टिकत नव्हतं. "विचार यांना, सभासद केलं ते कधी?"

डोनलनी अगदी प्रामाणिकपणे आठवलं. ईशानं मोठ्यानं सांगितलं, "आजी, ही सेज द संडे आफ्टर. आफ्टर द प्ले."

सुचित्रानं डोळे मिटले.

"हे म्हणतात, इट्स ग्रँड," ईशा पुढे सांगत होती. "हर्लिंगमध्ये, तो स्टिकनं खेळतात तो गेम, त्यातपण सेम रूल आहे. आपल्या पॅरिशचा माणूसच खेळवायचा. ही वुडन्ट लेट अ टिपररी मॅन ऑन द टीम आयदर."

"यांना म्हणावं, तुम्ही साक्षीदार आहात, वकिली करू नका. तीही स्वतःच्याच विरुद्ध."

मग शकुंतलाबाईंनी निकाल दिला. घसा खाकरला, आणि तोंडातून शब्द निघायला लागले तसा उजवा हात आपोआप पेन्सिल घेऊन वहीवर चालू लागला. सांगणाऱ्या त्याच, लिहून घेणाऱ्याही त्याच. "डोनल फेलन सभासद आहेत की नाहीत, हे ठरवायचा अधिकार किलकेनीचा. त्यात हे पीठ नाक खुपसणार नाही. आज ते सभासद आहेत. पण नाटक झालं चौदा तारखेला आणि ठराव एकवीसला. मागच्या तारखेनं कुणी सभासद होत नाही. राहिला नियम अकरा. हरकत उशिरा आली हे खरं. पण अपात्र माणूस नुसत्या टाळ्यांनी पात्र होत नाही. तक्रार मंजूर. किलकेनीचं नाटक बाद."

शैलेंद्र टाळ्या वाजवायला गेला आणि शेजाऱ्यानं त्याचा हात धरला.

घरी त्या रात्री सुचित्रानं वाढलं, पण "आई, अजून एक पोळी?" हा प्रश्न बंद होता. संकेत दोन बायकांच्या मधे बसून वरणाकडे एकटक बघत होता. जेवण झाल्यावर सुचित्रा म्हणाली, "मला अपील करायचंय. निकालाची नक्कल हवी."

"अर्ज दे."

"आई!"

"तोंडी अर्जावर नक्कल मिळत नाही."

सुचित्रानं शाळेच्या एका पत्रकाच्या मागं अर्ज खरडला आणि आपटला. शकुंतलाबाईंनी चष्मा लावून वाचला. "तारीख घातली नाहीस." तारीख पडली. पंधरा मिनिटांत साडेतीन पानांचा निकाल समासासकट छापून समोर आला.

"आता सांगा तरी, मुद्दा कुठला धरू?"

"ते मी नाही सांगायचं. माझ्याच निकालाविरुद्ध मीच सांगू?" त्या उठल्या, कपबश्या विसळल्या, प्रेसमध्ये लावल्या. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, एवढं इंग्रजी त्यांना आलं होतं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पण वर रडगाणं ऐकत नाहीत, हे मी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. तेव्हा मी कुणाची न्यायाधीश नव्हते."

सुचित्रानं डोनलची अकरा वाक्यं, आठ आठवड्यांच्या तालमी, प्रेक्षकांचा प्रतिसाद, सगळं अपिलातून काढून टाकलं आणि नियम अकरा तेवढा ठेवला.

ब्युमॉन्टच्या पीठाच्या प्रमुख सुहासिनीबाई. पुण्यात कंपनी सेक्रेटरी होत्या, तेव्हा कायद्याचे कागद कसे लिहायचे हे त्यांना ठाऊक. त्या आठवड्यात शकुंतलाबाई दुकानात गेल्या. त्यांना न्यायाधीशकाकू कुणी म्हटलं नाही. स्वरांगी "काकू" म्हणाली, नुसतं, आणि रांगेत पुढेच उभी राहिली. ते बरोबरच होतं. शकुंतलाबाईंनी मागं उभं राहून मिळाली ती कोथिंबीर घेतली. वाईट वाटलं नाही असं त्या संकेतला म्हणाल्या, आणि ज्या अर्थी न विचारता म्हणाल्या, त्या अर्थी वाटलं होतं.

सहा ऑक्टोबरला सकाळी निकाल मेलवर आला. स्वयंपाकघरातून सुचित्राची किंकाळी आली आणि पाठोपाठ ती फोनवर ओरडायला लागली, "डोनल! वी आर गोइंग टु डब्लिन!" वरच्या पीठानं म्हटलं होतं : टाळ्यांनी अपात्र माणूस पात्र होत नाही, हे खरं, पण टाळ्या वाजवणाऱ्याची हरकत मात्र टाळ्यांबरोबर जाते. सगळं माहीत असून गप्प बसला त्यानं आपला हक्क सोडला. अपील मंजूर, खालचा निकाल रद्द.

संकेत लॅपटॉप घेऊन आईपाशी आला, जपून, आजारी माणसाजवळ यावं तसा. "आई... उलटला गं तुझा निकाल."

"बघू."

त्यांनी चष्मा पुसून लावला आणि पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर तिसऱ्या ओळीशी थांबल्या. मागं गेल्या, पुन्हा वाचली. वरचं कोर्ट खालच्याला खोडून काढतं तेव्हा ते कसं लिहितात, याची एक ठरलेली रीत आहे. मुंबईहून असे कागद बार्शीला यायचे तेव्हा साहेब ते तोंड कडू करून वाचायचे आणि खण बंद करायचे. सुहासिनीबाईंनी ती रीत तंतोतंत पाळली होती.

"वाईट नको वाटून घेऊस," संकेत म्हणाला.

"कशाचं? उलटायला आधी निकाल असावा लागतो, बाबा." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही ओळ वाच. मोठ्यानं."

संकेतनं वाचलं, "'खालच्या पीठाच्या विद्वान न्यायाधीशांनी मात्र असा निष्कर्ष काढला, की...'"

"की पर्यंत नको जाऊस," शकुंतलाबाई म्हणाल्या. "अलीकडेच थांब. परत वाच."